टाकळकर मॅडमची कोरी बाटली

खोबरेल तेलाचा वास आला की मला अजून धस्स होतं. सासूबाई दुपारी तेलाची वाटी घेऊन बसल्या की मी काहीतरी निमित्त काढते आणि गच्चीवर पळते. त्यांना वाटतं, सुनेला शहराची हवा लागलीय. वाटू दे. टाकळकर मॅडमनी त्या दिवशी काय केलं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगून कळणारही नाही. मला तरी कुठं नीट कळलंय?

आमची प्रयोगशाळा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका पत्र्याच्या गोदामामागं आहे. कारखाने सांडपाणी शुद्ध करून बाहेर सोडतात. ते खरंच शुद्ध झालंय का, हे आम्ही तपासतो. रंग, वास, गढूळपणा हे कुणीही बघेल. मॅडमचं काम त्याच्या पुढचं होतं. डोळ्याला दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, पण पाण्यात विरघळून बसलेली असतात अशी विषारी सेंद्रिय रसायनं त्या शोधायच्या. सेंद्रिय म्हटलं की लोकांना गूळ आठवतो. माझ्या कन्नड गावच्या मामानं अख्ख्या बाजारात सांगितलं होतं, "आमची रेखी सेंद्रिय पाणी तपासती." हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाल्या, "मामांना म्हणावं, हे सेंद्रिय लिव्हर खातं."

उंच, सडसडीत बाई. रोज सुती साडी, वर पांढरा कोट. पावडर नाही, क्रीम नाही, गजरा नाही, आणि डोक्याला तेलाचा टिपूस नाही. केस वाळल्या कडब्यासारखे. डबा स्टीलचा, पाण्याची बाटली काचेची. प्लॅस्टिकच्या पिशवीतून कुणी पेरू आणले तरी दारातच थांबवायच्या. "प्लॅस्टिक घाम गाळतं," म्हणायच्या. आम्ही मागं हसायचो. समोर कुणाची छाती नव्हती.

मी पिशोरची. बाप शेतकरी, भाऊ शेतकरी, रसायनशास्त्र शिकून शहरात आलेली मी एकटीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी आईनं पहाटे उठवून डोक्यावर पळीभर तेल ओतलं, घट्ट वेणी घातली आणि म्हणाली, "सायबाच्या पुढं झिपऱ्या घेऊन जाऊ नगं." त्या वेणीनिशी मी प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिले. मॅडमनी माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, नुसता वास घेतला.

"तेल?"

"व्हय मॅडम."

"जा, न्हाऊन ये."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. संभाजीनगरात! इथं नळाला पाणी आठवड्यातनं एकदा येतं, घरोघरी ड्रम भरून ठेवलेले, एका बादलीवरनं सख्ख्या बहिणी भांडतात, आणि ही बाई म्हणते न्हाऊन ये! खोलीवर गेले, मैत्रिणीच्या ड्रममधलं पाणी न विचारता काढलं, रडत रडत डोकं धुतलं आणि ओल्या केसांनी परत आले. वाटलं, आता तरी शाबासकी देतील.

मॅडमनी शुद्ध पाण्याची एक छोटी बाटली माझ्यापुढं धरली. "बोट बुडव."

मी बुडवलं. त्यांनी ते पाणी घेतलं, त्यातलं जे काही रसायनात उतरतं ते उतरवलं आणि यंत्राला दिलं. आमचं यंत्र पाण्यातल्या एकेका पदार्थाची वेगळी रेघ काढतं. काहीच नसेल तर पडद्यावर सपाट ओळ धावत राहते. काही असेल तिथं ती उभी उसळते. थोड्या वेळानं त्या सपाट ओळीतून एक उंच शेंडा वर आला आणि त्याच्या शेजारी दोन बुटके.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

"काय माहीत, मॅडम."

"ही तू. न्हाऊन आल्यावरसुद्धा. हे खोबरेल आहे. नीट बघून ठेव, पुन्हा दिसलं तर ओळखता आलं पाहिजे."

प्रत्येक नव्या माणसाला त्या हे करायला लावायच्या, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मात्र मी मनातल्या मनात त्यांना पिशोरी शिव्या घातल्या. तो उंच शेंडा आणि त्याची ती दोन पिल्लं डोक्यात जी बसली ती कायमची.

आता कोरी बाटली म्हणजे काय, ते सांगते. आम्ही नमुना आणायला जातो तेव्हा रिकाम्या बाटल्यांबरोबर एक भरलेली बाटलीही नेतो. तिच्यात प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी असतं. ती गाडीत बसते, कारखान्यात उतरते, नमुना घेताना तिचंही झाकण उघडतं आणि बंद होतं, नमुन्याबरोबरच ती परत येते. तिला मॅडम कोरी म्हणायच्या. कोरीत काही सापडलं तर समजायचं की घाण कारखान्याची नाही, आपली आहे. हाताची, गाडीची, झाकणाची, कशाचीही असेल, पण आपली. "दुसऱ्याच्या पाण्याला नावं ठेवायच्या आधी आपले हात बघायचे," असं त्यांचं म्हणणं. आधी कोरी तपासायची, मग नमुना. बाकी प्रयोगशाळांत कोरीत किरकोळ काही दिसलं तर चालवून घेतात, जे विष शोधायचं तेवढं तिच्यात नसलं की झालं. मॅडमचा नियम कडक होता. कोरी कशानंही मळली, तरी अख्खी खेप रद्द. पुन्हा जा, पुन्हा नमुना आणा.

या नियमानं सगळ्यात जास्त पिडलेला माणूस म्हणजे शकीलभाई, आमचा नमुने आणणारा ड्रायव्हर. त्याला अत्तराचा भारी षौक. शुक्रवारी नमाजला जाताना लावलेलं अत्तर दुपारी गाडीत दरवळायचं आणि कोरीत उमटायचं. एकदा मॅडमनी त्याला पडद्यासमोर उभा केला आणि नुसतं बोट दाखवलं. शकीलभाईनं कपाळावर हात मारला. "क्या मॅडम, जुम्मे को भी नै लगाना क्या? अल्ला मियाँ के सामने ऐसेच जाऊं?"

"शुक्रवारी तुला सुट्टी," मॅडम म्हणाल्या. त्या दिवसापासून शुक्रवारी नमुने बंद. बोर्डेसाहेब, आमचे मालक, महिनाभर कुरकुरले. पण मॅडमपुढं त्यांचंही चालायचं नाही.

साहेबांची तर त्याहून मोठी गंमत. नवं यंत्र आलं त्या वर्षी खंडेनवमीला मॅडम रजेवर होत्या. साहेबांनी संधी साधली. यंत्राला हळदकुंकू, झेंडूचा हार, उदबत्ती, नारळ आणि वर कापूर पेटवून साग्रसंगीत आरती. पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मॅडमनी कोरी लावली, तर कापराची ही उंच रेघ! किती दिवस ती जाईना. यंत्राची एकेक नळी काढून धुतली तेव्हा कुठं उतरली. साहेब चोरासारखे दारात येऊन विचारायचे, "झालं का हो?" आणि मॅडम मान न वळवता सांगायच्या, "अजून आरती चालू आहे." तेव्हापासून खंडेनवमीला यंत्राची पूजा भिंतीपलीकडं, बाहेरच्या एसीच्या डब्यावर एकच झेंडूचं फूल ठेवून. ते फूल मॅडम स्वतः ठेवायच्या आणि मनापासून नमस्कार करायच्या.

कारखानेवाले त्यांना टरकून असत. एका कारखान्यात मॅनेजरनं आम्हाला काचेची टाकी दाखवली. शुद्ध केलेल्या पाण्यात सोडलेले मासे. "बघा मॅडम, किती मजेत फिरतायत! तुमच्या मशिनीपेक्षा हे जिवंत सर्टिफिकेट." मॅडम वाकून टाकीत बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "मागच्या खेपेला लाल होते ना?" मॅनेजरचा चेहरा खाडकन उतरला. "ते... ते मोठे झाले." "मोठे होऊन काळे पडले?" मी खोकल्याचं नाटक करत बाहेर पळाले. परतताना शकीलभाई गाडीत सारखा म्हणत होता, "मछली बदल दी, लेकिन पानी नै बदला, हौला कहीं का!"

एवढी सगळी करडी बाई एकाच विषयावर मऊ व्हायची. मुलगा, ओंकार. नवरा फार लवकर गेला, त्यानंतर सिडकोतल्या बैठ्या घरात दोघंच. ओंकारचं काहीही निघालं की त्यांचा आवाजच बदलायचा. एकदा जेवताना मी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला कधी तेल लावावंसं वाटत नाही?" तर त्या हसल्या.

"अगं, मला तेल लई आवडतं." एरवी पुस्तकी बोलणाऱ्या बाईच्या तोंडून 'लई' ऐकून मी चाटच पडले. "ओंकार लहान होता ना, तेव्हा रविवारी माझ्या मागं खाटेवर बसायचा आणि तेल लावून द्यायचा. एवढेसे हात. अर्धं तेल माझ्या मानेवर. सोमवारी पहाटे शिकेकाईनं सगळं काढून टाकायचे. मग तो मोठा झाला, राहिलं ते." डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "नोकरी संपली की वाटीभर तेल डोक्यावर ओतून घेणार आहे."

ओंकार इंजिनियर झाला, त्याचं लग्न झालं, घरात सून आली. बरीच वर्षं इकडंतिकडं करून त्याला शहराबाहेरच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात नोकरी लागली. सामायिक म्हणजे पुष्कळ कारखान्यांचं सांडपाणी एकत्र येतं तिथं. शुद्ध करून ते नाल्यात सोडतात आणि नाल्याच्या खालच्या अंगाला लोक त्याच पाण्यावर पालक, मेथी, कोथिंबीर काढतात. आमच्या भाजीबाजारात तीच जुडी येते. ओंकार पाळीप्रमुख झाला. मॅडमनी आम्हाला पेढे दिले, पण त्याच दिवशी साहेबांकडं जाऊन सांगितलं, "या केंद्राचं पाणी आता मी तपासणार नाही. माझा मुलगा आहे तिथं."

साहेब म्हणाले, "अहो टाकळकर मॅडम, तुम्ही नाही तर कोण? रेखाचा हात अजून बसायचाय. आणि तुमच्यावर शंका घ्यायला माणूस जन्माला यायचाय."

हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मॅडम परत येऊन कामाला लागल्या. पहिले काही महिने पाणी बरं आलं आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

मग केंद्राचा तो नमुना आला. संध्याकाळी मी निघताना मॅडम यंत्रापाशी बसल्या होत्या. कामाचा क्रम लावलेला दिसला, त्यात आधी नमुना आणि कोरी दुसऱ्या दिवशी. मी म्हटलं, "मॅडम, उलटं लागलंय का?" म्हणाल्या, "असू दे. साहेबांना घाई आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा नमुना आधी! पण मॅडमना कोण विचारणार? मी बस पकडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारातून आल्या आणि मी बघतच राहिले. डोकं तेलानं चप्प. केस कानामागं चिकटलेले, कपाळाच्या कडेला चकाकी. वास तर विचारूच नका. शकीलभाई माझ्या कानात कुजबुजला, "आज सूरज किधर से निकला?"

"मॅडम, तेल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"डोकं फार ठणकत होतं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांनी कोट घातला, हातमोजे घातले. मी मनाची समजूत काढली की असेल, माणूसच आहे, आणि हातमोजे तर आहेत.

दुपारी कोरीचा निकाल आला. मी पडद्यासमोर होते. सपाट ओळ धावत होती, धावत होती, आणि एका जागी ती उसळली. एक उंच शेंडा. शेजारी दोन बुटके.

मागून मॅडमचा आवाज आला, अगदी रोजचा, कोरडा. "कोरी मळलीय. खेप रद्द. केंद्राला कळवा, नव्यानं नमुना घ्यायला येतोय म्हणून."

कळवा? कळवून नमुना घ्यायला जायचं म्हणजे चोराला वर्दी देऊन धाड टाकायची! आम्ही कधीच कळवत नसू. मी त्यांच्याकडं वळले. त्यांच्या उजव्या हातात मोजा नव्हता.

"मॅडम," मी म्हटलं, "ही रेघ मी ओळखते."

त्यांनी तो हात कोटाच्या खिशात घातला.

"तुम्हीच शिकवलीय. आणि ही नुसत्या वाऱ्यानं एवढी उंच येत नाही. कुणीतरी बोट बुडवलंय."

बाहेर शकीलभाई गाडी धूत होता, पाइपाचा आवाज येत होता. मॅडमनी दार लोटलं आणि स्टुलावर बसल्या. "व्हय," म्हणाल्या. माझ्याच बोलीत म्हणाल्या. "मीच बुडवलं."

खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की मला ऐकू कमी आलं असेल. छपराचा पत्रा उडून जाईल, यंत्र बोलायला लागेल, पण टाकळकर मॅडम कोरीत बोट बुडवतील? त्या एकेक वाक्य सावकाश बोलत गेल्या. नमुन्यात विषाच्या रेघा आदल्या संध्याकाळीच उभ्या राहिल्या होत्या, एक नाही, ओळीनं. साध्या तपासणीत पाणी स्वच्छ, काचेसारखं; पण आत हे. कुठल्यातरी कारखान्याचे टँकर केंद्रात बिनबोभाट ओतले जात होते. वरून हुकूम होता, आणि पाळीप्रमुखानं तोंड बंद ठेवलं होतं. तो पाळीप्रमुख म्हणजे ओंकार.

"घरी जाऊन त्याला विचारलं. म्हणाला, आई, मी नाही म्हटलं असतं तर दुसरा ठेवला असता. अहवाल गेला तर वरच्याला काही होणार नाही, पहिला ओंकारच जाईल. सुनेला दिवस गेलेत, रेखा." त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला. "माझं डोकं फुटायची वेळ आली होती. तो उठला, तेलाची वाटी घेऊन आला आणि माझ्या मागं बसला. इतक्या वर्षांनी. एक शब्द बोलला नाही. मी पण नाही. सकाळी मला ते धुववेना."

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो संताप. असा की माझी मलाच भीती वाटली.

"आणि खाली मेथी खाणाऱ्यांच्या घरात दिवस जात नाहीत काय?" मी ओरडले. "माझी बहीण इथंच दिलीय, तीच मेथी निवडती! आणि असंच करायचं होतं तर मला पहिल्या दिवशी कशाला पाठवलं न्हाऊन यायला? एवढा अपमान करून? कशाला, मॅडम?"

माझा आवाज बाहेर गेला असणार, कारण पाइपाचं पाणी बंद झालं.

मॅडमचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता आणि पुन्हा बघायची माझी इच्छाही नाही. कुणीतरी तोंडात मारावी तशा त्या बसल्या होत्या. मग उठल्या. आम्ही प्रत्येक बाटलीची जोड आणतो, नमुन्याचीही आणि कोरीचीही. एक फुटली, सांडली तर दुसरी हाताशी असावी म्हणून. हाही त्यांचाच नियम.

"जोड फ्रिजमध्ये आहे," त्या म्हणाल्या. "तिला मी हात लावलेला नाही. तू काढ, तू लाव. आधी कोरी. मी या खोलीत थांबत नाही."

कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला आणि बाहेर गेल्या. खिडकीतून मला दिसत होतं. गेटजवळच्या बाकावर त्या बसल्या होत्या, ताठ, हात मांडीवर उताणे ठेवून. शकीलभाई दोन चहा घेऊन आला, एक त्यांच्या शेजारी ठेवला आणि दूर जाऊन उभा राहिला. त्यांनी चहाला हात लावला नाही.

त्यांनी शिकवलेलं हातात मुरलं होतं. कोरी लावली. सपाट. आरपार सपाट, एक खडा नाही. मग नमुना लावला आणि त्या रेघा एकामागून एक उभ्या राहिल्या. मी बाहेर गेले. त्यांनी नमुन्याचं विचारलंच नाही.

"कोरी?"

"साफ आहे, मॅडम."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "सही तू कर. माझा हात आता चालायचा नाही."

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. मी दारात होते. साहेब आधी हसले, त्यांना चेष्टा वाटली. मग त्यांचं हसणं तोंडावरच थिजलं. "अहो पण मॅडम... कुंपणानंच शेत..."

"खाल्लं नाही, साहेब. तोंड घातलं," मॅडम म्हणाल्या. "तेवढं पुरे आहे."

साहेबांनी परोपरीनं समजावलं. कुणाला कळलंय? जोडीची तपासणी झाली, निकाल खरा आहे, विसरा. तुमच्याशिवाय ही जागा कशी चालेल? त्यांचे डोळे भरून आले होते. मॅडम ऐकून घेत होत्या आणि मान हलवत होत्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "खंडेनवमीला फूल बाहेर ठेव. साहेब ऐकायचे नाहीत." मी निरोपाला वाकले, तर पाय मागं घेतले. मी कितीतरी दिवस घरी गेले की उशीत तोंड खुपसून रडायचे. चूक त्यांनी केली होती आणि अपराध्यासारखी मी फिरत होते. काय म्हणावं याला?

अहवाल माझ्या सहीनं गेला. केंद्राला नोटीस आली, थोडे दिवस बंद राहिलं, पुन्हा सुरू झालं. टँकर कुणाचे, हे कागदावर आलंच नाही. ओंकारला मात्र लगोलग काढलं, मॅडम म्हणाल्या होत्या तसंच. त्या केंद्राचं पाणी आता मी तपासते. कधी बरं येतं, कधी वाईट. वाईट आलं की मी तसं लिहिते आणि घरी जाऊन मेथी आणली असेल तर टाकून देते.

मॅडमची खबर शकीलभाईकडून यायची, त्याचं घर तिकडंच. "बेटा बात नै करता मॅडम से," त्यानं एकदा सांगितलं. "एक लफ्ज नै. सामने थाली रखते, खाके उठ जाता. लेकिन घर छोडके भी नै गया." ओंकारला नवीन काम मिळत नव्हतं. अशी नोकरी गेलेल्या माणसाला कोण उभं करणार? ऐकून माझा जीव गलबलायचा, पण तिकडं जायला पाय उचलत नव्हता. सही माझी होती ना.

मग कळलं, सून बाळंतपणाला माहेरी गेली होती, तिला तिथं मुलगी झाली. आता तरी गेलंच पाहिजे. गुलमंडीतून एक पिवळं झबलं घेतलं आणि रविवारी सकाळी सिडकोत गेले. बैठं घर, पुढं बोळकंडीएवढं अंगण, पाण्यानं भरलेले दोन ड्रम. दार सताड उघडं. वास मला फाटकातच आला.

आत खाटेच्या कडेला ओंकार बसला होता, शेजारी तेलाची वाटी. त्याच्या पायाशी पाटावर मॅडम. डोळे मिटलेले, केस सगळे मोकळे, मान थोडी पुढं. तो दोन्ही हातांनी त्यांच्या डोक्याला तेल जिरवत होता. दोघंही बोलत नव्हते. तेल त्यांच्या मानेवरून ओघळत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

माझ्या हातून फाटकाची कडी वाजली. ओंकारनं वर पाहिलं. त्यानं मला ओळखलं, चांगलंच ओळखलं. त्याचे हात थांबले.

"कोण आलंय?" मॅडमनी डोळे न उघडता विचारलं. सवयीनं विचारलं, उत्तराची वाट न बघता. कारण उत्तर येत नसे.

ओंकार माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं वाटीत बोटं बुडवली.

"कुणी नाही, आई," तो म्हणाला.

मॅडमचे खांदे एकदम हलले. मी झबल्याची पिशवी ड्रमच्या झाकणावर ठेवली आणि कडी न लावताच निघाले.